एक फुलपात्र कमी

मोडवाल्यानं परात उजेडाकडं धरली, काठावरून अंगठा फिरवला आणि सहज बोलावं तसा बोलला, "माँजी, ह्येच्यावर पैलं दुसरं नाव व्हतं." बोलला आणि परात काट्यावर ठेवूनही दिली. त्याच्या दृष्टीनं त्यात काहीच नव्हतं. रोज शंभर घरची भांडी हाताखालून जाणारा माणूस. पत्रा कुठं ठोकलाय, कुठं झाळलाय, हे त्याच्या अंगठ्याला डोळ्यांआधी कळत असेल. पण ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली महानंदा सावरून बसली. चौतीस वर्षं. चौतीस वर्षं ही परात तिच्या नावानं घरात होती, तिच्यात पुरणाचा गोळा मळला, सणावाराला पाहुण्यांसमोर आली, आणि एकानं म्हणून कधी तोंड उघडलं नव्हतं. हा उपटसुंभ आला नि अंगठा फिरवून मोकळा झाला. तिनं हळूच मुलाकडं पाहिलं. नागप्पा पायरीवर उकिडवा बसून पोत्याची सुतळी सोडत होता. त्यानं ऐकलं होतं की नाही, काही कळेना. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणं तिला फार वर्षांपासून बंद झालं होतं.

"पुढचं घ्या," नागप्पा म्हणाला.

एप्रिल चालू होता आणि लातुरात पाणी नव्हतं. नव्हतं म्हणजे नव्हतंच. नळाला महिना झाला होता, टँकर दहा दिवसांतून एकदा गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा, आणि आता रेल्वेनं पाणी येणार म्हणून माणसं पेपर मोठ्यानं वाचत होती. ज्यानं त्यानं टाक्या आणल्या होत्या. काळ्या, पोट सुटलेल्या. नागप्पानंही हजार लिटरची सांगितली होती. ती दुपारी यायची होती. गच्ची तेवढा भार पेलणार नाही, गल्लीत ठेवायला जागा नाही, राहता राहिली मागची भांड्यांची खोली. तिच्या दाराची चौकटसुद्धा काल काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. चौकट नसलेलं ते दार महानंदाला सकाळपासून बघवत नव्हतं. दात पाडलेल्या तोंडासारखं ते मोकळं दिसत होतं आणि आतून तांब्यापितळेचा आंबूस वास बाहेर येत होता.

म्हणायला हे सगळं तिच्याच तोंडानं ठरलं होतं. आठवड्यापूर्वी जेवताना सुनेनं, सिंधूनं, भीत भीत विषय काढला, "आत्याबाई, थोडी भांडी कमी केली तर..." आणि महानंदा ताडकन म्हणाली, "थोडी कशाला? समदीच न्या. मला काय सोबत न्यायची हायती? कायबी ठिवू नका." या वयात बायका असं बोलतात ते कुणीतरी 'असं कसं, असं कसं' म्हणावं म्हणून. सिंधू म्हणालीही असती. तिनं तोंड उघडलं होतं. पण नागप्पानं भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं, "बरं. तुम्ही म्हणताव तसं." आणि झालं. महानंदा त्या रात्री पडल्या पडल्या मनात एक एक भांडं हातात घेत राहिली आणि शेवटी तिनं स्वतःशी एक गोष्ट ठरवली. आपण मागायचं नाही. पण नागप्पा एक तरी भांडं बाजूला काढील. एखादा तांब्या, एखादी वाटी, काहीही. 'हे राहू द्या, आईच्या नावाचं हाय,' असं म्हणेल. एवढं झालं तर बाकी सगळी भट्टीत गेली तरी चालेल. आणि नाहीच झालं तर? त्याचा विचार तिनं केला नव्हता. आता काट्यावर परात चढत होती, गंगाळ चढत होतं, आणि ती एक एक भांडं जाताना मुलाच्या हाताकडं बघत होती.

गंगाळ उचलायला दोघं लागले. गंगाळ उदगीरचं. उदगीरचंच सगळं. नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या, सिद्धम्माच्या, बापाचं उदगिरात कापडाचं मोठं दुकान, एकुलती एक लेक. त्यानं लग्नात भांडी दिली ती बैलगाडीतून आली म्हणे, आणि प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबानं कोरलेलं: सौ. सिद्धम्मा गुरुपादप्पा. चमच्यावरसुद्धा. ती सिद्धम्मा दीड वर्षाचं पोर मागं ठेवून कावीळ होऊन गेली. आपल्या लिंगायतांत मातीला बसवून देतात तशी तिला बसवली, हातात लिंग दिलं, विभूती लावली आणि ती गेली. भांडी राहिली. पुढच्याच वर्षी, बहात्तरच्या त्या दुष्काळात, गुरुपादप्पानं दुसरं लग्न केलं, कारण पोराला कुणीतरी हवंच होतं. महानंदा इस्लापूरची. सहस्रकुंडाचा धबधबा तिथून हाकेच्या अंतरावर, पण त्या साली तोसुद्धा काळ्या कातळावरून करंगळीएवढा येत होता. बापाची चार डब्यांची दुकानदारी. लग्नात देणार काय? एक तांब्याची कळशी दिली. तिच्यावर इस्लापूरच्या तांबटानं वाकडंतिकडं 'महानंदा' कोरलेलं. नवऱ्याचं नाव घालायला जागाही उरली नव्हती आणि तांबटाला जास्तीचं द्यायला काही उरलंही नव्हतं. एकोणीस वर्षांची महानंदा ती कळशी मांडीवर घेऊन मोटारीत बसली आणि लातूर येईपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही.

विहिरीवर तेव्हा दोन दोन तास रांग असायची. रांगेत माणसं नव्हे, भांडी उभी असत. भांडं ठेवायचं, घरी जायचं, नंबर आला की कुणीतरी नाव वाचून हाक मारायचं. "सिद्धम्माची घागर कुनाची हाय? उचला की ओ!" महानंदा धावत जायची. पहिल्या वेळी तिनं सांगून पाहिलं, "मी महानंदा." बायका हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत; त्यांनी नुसतं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सिद्धम्माच्या नावानं हाक मारली. त्यांचं तरी काय चुकलं? घागरीवर तेच होतं. गल्लीत लग्न निघालं की कुणाचंतरी पोर दारात यायचं, "सिद्धम्माचं गंगाळ मागितलंय." परत आणतानाही हेच, "सिद्धम्माच्या वाट्या मोजून घ्या." महानंदा मोजून घ्यायची. राखेनं घासायची. घासताना बोटांच्या टोकांना ती टिंबं लागायची आणि संध्याकाळपर्यंत बोटं चुरचुरायची. एकदा कळशीला भोक पडलं. कल्हईवाला म्हणाला, पत्राच पातळ आहे, झाळून टिकणार नाही. गुरुपादप्पानं ती मोडीत घालून बादली आणली. चांगली भक्कम बादली होती. तक्रार कशाची करणार? बादली रोज लागत होती.

नवरा वाईट नव्हता, हे तिनं आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं आणि ते खरंही होतं. मारायचा नाही, उपाशी ठेवायचा नाही. गोलाईच्या बाजारात किराण्याचं दुकान, सकाळी विभूती लावून जायचा, रात्री यायचा. तिला मूल झालं नाही, त्यावरूनही कधी बोलला नाही, कारण त्याला मूल होतंच. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

आणि खरं सांगायचं तर नागप्पा होता. तीन वर्षांचं ते पोर तिच्या अंगावर येऊन पडलं ते पुढं चिकटूनच राहिलं. चौथ्या वर्षी गोवर आला, चार दिवस डोळे उघडेना, पाचव्या दिवशी उघडले आणि तिच्याकडं बघून म्हणालं, "अव्वा, पानी." तिनं पाणी पाजलं. दार लावून घेतलं आणि रडली. अव्वा म्हणजे आई. सिद्धम्माला त्यानं कधी म्हटलं असेल नसेल, आता ते तिला मिळालं होतं. पुढं शाळेत घालायच्या आधी तिनंच त्याला अक्षरं शिकवली. पाटी नव्हती तेव्हा त्याचं पाणी प्यायचं फुलपात्र घेतलं, त्याचं बोट धरलं आणि टिंबांवरून फिरवलं. हा सि. हा द्ध. हा म्मा. "हे कुनाचं नाव, अव्वा?" त्यानं विचारलं. "तुझ्या पैल्या अव्वाचं," तिनं सांगितलं. तेव्हा तिला ते सांगताना काही वाटलं नव्हतं, उलट आपण फार मोठं मन दाखवलं असंच वाटलं होतं. पोरगं जेवताना, झोपताना ते फुलपात्र जवळ ठेवी आणि बोट फिरवत बसे. सि, द्ध, म्मा. रोज. ते बघता बघता तिचं मन कधी आंबलं, तिलाच कळलं नाही.

"ताटं किती हायत?" मोडवाला विचारत होता.

"हायत तेवढी घ्या," नागप्पा म्हणाला. "वीस बावीस असतील."

सव्वीस होती. तिला माहीत होतं. ताटं एकमेकांवर आदळत काट्यावर गेली. नागप्पानं एकही उलटं करून पाहिलं नाही. ताटं गेली तशी महानंदानं मनात म्हटलं, ताट कुणी ठेवत नाही, जागा अडते. तांब्या ठेवील.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. आता पोरांना सांगून पटत नाही, पण तेव्हा गावाला लग्नघराची कळा आली होती. कमानी, पताका, शाळाशाळांच्या मिरवणुकीच्या तालमी. आणि रंगाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. कारण गावातल्या हरेक पाटीवर 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं होतं आणि ते पुसून 'जि. लातूर' करायचं होतं. गुरुपादप्पाच्या दुकानाची पाटीही उतरवली. महानंदा डबा द्यायला गेली होती. रंगाऱ्यानं पातं घेऊन 'उस्मानाबाद' खरवडलं, वरून निळा हात मारला, वाळू दिला आणि फटाफट लिहिलं: लातूर. पाच अक्षरांच्या जागी तीन. अर्ध्या तासात माणूस एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेला. सगळे टाळ्या वाजवत होते. पुसलेल्याबद्दल कुणालाही वाईट वाटत नव्हतं. महानंदा पाटीकडं बघत उभी राहिली ती राहिलीच, आणि डब्यातली आमटी गार झाली.

दुसऱ्याच दिवशी गुरुपादप्पा मालाला म्हणून चार दिवस हैदराबादेला गेला. कल्हई करायची आहे असं पोराला सांगून महानंदानं घरातली नावाची सगळी भांडी पोत्यांत भरली आणि गोलाईच्या मागं लिंबाखाली बसणाऱ्या नावं घालणाऱ्याकडं नेली. म्हातारा कारागीर होता. त्यानं विचारलं, "बाई, खोडायचं कशाला? खाली दुसरं घालून देतो की." ती म्हणाली, "न्हाई. हे काढा. ह्याच जागेवर घाला." "आन खालचं?" खालचं म्हणजे गुरुपादप्पा. "ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "ते तेच हाय." म्हाताऱ्यानं मान हलवली आणि ठोकायला घेतलं. टिंबं ठोकून सपाट केली, त्यावर नवी टिंबं पाडली. जागा तीन अक्षरांची, नाव चार अक्षरांचं. शेवटचा 'दा' प्रत्येक भांड्यावर थोडा घसरल्यासारखा आला. महानंदाला तो घसरलेला 'दा' सुद्धा आवडला. पंधरा ऑगस्टच्या सकाळी, सगळं गाव मिरवणुकीत असताना, तिनं भांडी घरी आणली, चिंचेनं घासून फळीवर लावली आणि समोर बसून राहिली. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता. फक्त सहा फुलपात्रांतलं एक कमी भरत होतं. म्हाताऱ्यानंच ढापलं म्हणून तिनं त्याला चार लोकांत शिव्या दिल्या, आणि तो बिचारा लिंगाची शपथ घेऊन म्हणाला की मी नाही घेतलं.

दुपारी नागप्पा मिरवणुकीतून आला. बारा वर्षांचा, घामेजलेला, खिशाला कागदी झेंडा. तिनं नव्या नावाच्या ताटात त्याला वाढलं, नव्या नावाच्या फुलपात्रात पाणी दिलं. त्यानं पाणी प्यायला म्हणून ते उचललं आणि त्याचं बोट सवयीनं जागेवर गेलं. थांबलं. परत फिरलं. मग त्यानं ताटाचा काठ पाहिला, वाटी उलटी केली, उठून फळीपाशी गेला आणि एक एक भांडं हातात घेऊन पाहिलं. परत येऊन पानावर बसला.

"पैलं फुलपात्र कुठाय?"

"हे काय. तेच हाय की," महानंदा म्हणाली.

एवढंच म्हणाली. याहून मोठं खोटं ती आयुष्यात बोलली नसेल असं नाही, पण याहून महाग कुठलंच पडलं नाही. पोरानं तिच्याकडं नीट पाहिलं, सगळं जेवण जेवला, ताट धुऊन ठेवलं. संध्याकाळी ती दिवा लावत होती तेव्हा तो मागून म्हणाला, "आई, तुम्ही कंदील देताव का? अभ्यासाला पायजे." तिला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. अव्वाची आई झाली होती, तूचं तुम्ही झालं होतं. ते त्या दिवसापासून आजपर्यंत. कधी उलटं बोलला नाही, कधी आवाज चढवला नाही. जिल्हा परिषदेत लागला, पहिला पगार तिच्या हातात ठेवला, बाप गेल्यावर तिला दवाखान्यात नेलं, आणलं. गल्लीतल्या बायका आपल्या पोरांना सांगायच्या, नागप्पा बघा, सावत्र असून आईला तुम्ही म्हणतो. महानंदा ऐकायची. आपल्या आईला 'तू' म्हणणारी त्यांची मळकी, भांडकुदळ पोरं बघून तिच्या जिवाची तगमग व्हायची. गुरुपादप्पानं तर मरेपर्यंत त्या ताटात जेवण केलं आणि त्याच्या कधी काही ध्यानातच आलं नाही. त्याचं नाव दोन्हींच्या खाली होतंच.

नाव मिळालं तशी ती भांडी साठवतच गेली. फाटक्या साड्यांवर घेतलेली, हळदीकुंकवाला आलेली, वाणाची, बारशाची. आलं की कोरून घ्यायची. महानंदा, महानंदा, महानंदा. खोली भरली. कुणी हाक मात्र मारली नाही, कारण तोवर विहिरी बुजल्या होत्या, नळ आले होते आणि लग्नाला मंडपवाल्याची भांडी यायला लागली होती. कुणीच कुणाच्या घरची परात मागायला येत नव्हतं.

तांब्ये गेले. पेले गेले. नागप्पा पोत्यात हात घालायचा, न बघता काढायचा, काट्यावर ठेवायचा. शेवटी पाच फुलपात्रं राहिली. ती त्यानं हातात घेतली आणि क्षणभर थांबला. महानंदा पुढं झुकली. आता म्हणेल. हीच ती. यातूनच तर पाणी पीत होता. एक ठेव, नागू, एकच ठेव. बाकी मी काही मागत नाही. नागप्पानं ती पाचही काट्यावर ठेवली आणि हात झटकले.

"झालं का, साहेब?" मोडवाल्यानं विचारलं.

"थांबा जरा," नागप्पा म्हणाला आणि आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. महानंदानं फडकं ओळखलं. तो त्याच्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा होता. त्यानं गाठ सोडली. आतून काळं पडलेलं लहानसं फुलपात्र निघालं. सहावं. तालमीला प्यायचं पाणी म्हणून दप्तरात नेलेलं, पंधरा ऑगस्टच्या त्या दुपारी त्यानं 'कुठाय' म्हणून विचारलं तेव्हाही दप्तरातच असलेलं आणि मग चौतीस वर्षं तिच्याच घरात, तिच्या डोक्याशी, कुलपात असलेलं. म्हाताऱ्या कारागिराची लिंगाची शपथ तिच्या कानात वाजली.

मोडवाल्यानं ते घेतलं आणि अंगठा फिरवला. "ह्येच्यावर मूळचंच हाय," तो म्हणाला. "सि... सिद्धम्मा." आणि काट्यावर ठेवलं.

"नागू, अरं ते कशाला?" महानंदाचा आवाज चिरकला.

"कायबी ठिवू नका म्हनलाव की तुम्ही," नागप्पा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "घर मोकळं करायचं तर समदंच करू. ठिवून ठिवून मला बी कंटाळा आलाय, आई. पानी ठिवायला जागा न्हाई, हे काय करायचंय?"

महानंदा उठली. गुडघ्यांत कळ आली तरी उठली, खांब सोडून काट्यापाशी गेली आणि आपल्या नावाच्या त्या सगळ्या ढिगातून तेवढं एक काळं फुलपात्र उचलून घेतलं. मोडवाला बघतच राहिला.

"हे मी द्यायची न्हाई."

"कशाला पायजे?" नागप्पा म्हणाला. "तुमचं न्हाई ते."

"हाव," ती म्हणाली. "माझं न्हाई. मीच खोडलं ते. समदं मीच खोडलं. म्हाताऱ्यावर आळ बी मीच घातला." आयुष्यात पहिल्यांदा ती हे मोठ्यानं बोलत होती आणि ऐकायला एक मोडवाला, दारात उभी सून आणि हा मुलगा. "तुला ठाऊक हुतं की रं."

"हाव," नागप्पा म्हणाला. बस्स, तेवढंच म्हणाला. मग मोडवाल्याकडं वळला, "तेवढं सोडून घ्या. उचला आता, टाकी यायलीय."

पोती रिक्षात चढली. गल्लीच्या वळणापर्यंत भांड्यांचा आवाज येत होता. मग टाकीच्या टेम्पोचा आला. चार माणसांनी ती काळी टाकी चौकट नसलेल्या दारातून आत सरकवली. तीन वाजता टँकर आला, गल्लीत ड्रम, बादल्या, डबे, पाईप आणि आरडाओरडा. हाक मारायला कुणाच्याही भांड्यावर नाव नव्हतं. ज्याचा पाईप आधी, त्याचं पाणी. चिखलात पाय रोवून नागप्पानं पाईप धरला. अर्धी टाकी भरली तसा टँकर पुढं सरकला. तो आत आला, घामानं निथळत, ओसरीवर टेकला.

महानंदानं फुलपात्र तोवर राखेनं घासून लख्ख केलं होतं. तिनं ते नव्या टाकीच्या तोटीखाली धरलं. पाण्याला प्लास्टिकचा वास येत होता. ते दोन्ही हातांनी घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"पानी पी, नागू."

त्यानं वर पाहिलं. फुलपात्राकडं पाहिलं. त्याचा हात उचलला गेला, अर्ध्यात आला आणि मग त्यानं त्या हातानं कपाळाचा घाम पुसला.

"तुम्ही प्या, आई," तो म्हणाला आणि टाकीचं झाकण नीट बसलंय का बघायला आत गेला.

महानंदा तिथंच पायरीवर बसली. घशाला कोरड होतीच. तिनं ते पाणी प्यायलं, सगळं प्यायलं, आणि पीत असताना तिचं बोट बाहेरच्या अंगानं फिरत राहिलं. तिन्ही अक्षरं जागच्या जागी होती.